जुडीभर भाजी, मूठभर शिजते



मेथी निवडली की पाटी भरून पाला होतो आणि शिजली की कढईच्या तळाशी मूठभर उरते. आपल्याला हे रोजचंच आहे. पण एवढ्याशा गोष्टीवरून एका भाजीला काय नाव पडलं, ते ऐका.

तैवानमध्ये थंडीत एक पालेभाजी खातात. ती शेवंतीच्या नात्यातली. तिथल्या बोलीत तिला गमतीनं 'बायकोला मारायची भाजी' म्हणतात. गोष्ट अशी सांगतात, की नवऱ्यानं टोपलीभर भाजी आणली आणि ताटात आली थोडीशी. बाकीची बायकोनं चोरून खाल्ली असं समजून त्यानं तिला मारलं. पाल्यात पाणीच जास्त असतं, आचेवर तो बसतो, हे चुलीपाशी कधी न बसलेल्याला कसं कळणार? गोष्ट गमतीची म्हणून सांगतात, पण आम्हाला काही हसू आलं नाही.

भाजी मात्र गुणाची. मूळ भूमध्य समुद्राकाठची. युरोपात ती फुलांसाठी बागेत लावतात, पूर्वेकडच्या देशांत पानांसाठी. जपानी लोक तिला 'शुंगिकू', म्हणजे वसंतातली शेवंती म्हणतात. कारण बाकीची शेवंती शरदात फुलते, ही वसंतात. चव जराशी कडवट, वास उग्र. चीनमध्ये ती लसणावर परततात, कोरियात माशांच्या तिखट रश्श्यात घालतात. जपानात ती उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून गार पाण्यात टाकतात, पिळून घेतात आणि भाजलेल्या तिळाच्या कुटात कालवतात. रश्श्यात घालायची तर अगदी शेवटी. जास्त शिजली की कडू होते.

ही थंडीतली भाजी. बी पेरल्यावर साधारण दीड महिन्यात काढणीला येते. शेंडे खुडले की खालून नवे फुटवे येतात. ऊन तापलं की ती फुलावर जाते आणि पानं कडू होतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दसरा-दिवाळीला आपण हारात ओवतो ती शेवंती वेगळी. फुलांच्या पिकावर औषधं फवारतात, ती खाण्याचा विचार करून नव्हे. म्हणून फुलांच्या शेतातला किंवा बाजारातल्या कुंडीतला पाला कढईत टाकू नका. ही भाजी लावायचीच असेल, तर खाण्याच्या भाजीचं म्हणून विकलेलं बीच घ्या.

आणि भाजी कमी झाली की कुणाच्या ताटातली कमी होते? शेवटी जेवणारीच्या. म्हणून या आठवड्यात एवढं करा. घरातल्या माणसांना मेथी निवडायला आणि परतायला बसवा. जुडी केवढी होती आणि भाजी केवढी झाली, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. मग सगळ्यांनी एकदमच पानावर बसा.

पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.