शोधनोंदींतील मराठी शब्द

संगणकीय ग्रंथसूचीत वाचकाने टंकित केलेला शब्द मागे आपली नोंद ठेवून जातो. ‘कोहा’ या ग्रंथालय-प्रणालीत तो पृष्ठाच्या संकेतपत्त्यातच ‘क्यू’ या रोमन अक्षरापुढे उमटतो, आणि गूगल अ‍ॅनालिटिक्स किंवा मातोमो यांसारखी साधने तेथूनच तो उचलून त्याची वारंवारिता मोजतात. ही मोजणी इंग्रजीपुरती बरीचशी विश्वसनीय ठरते. मराठीच्या बाबतीत मात्र तिचा अर्थ लावताना भाषाभ्यासकाची गरज भासते.

राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या खंडांचे उदाहरण घ्यावे. मुखपृष्ठाबरहुकूम केलेल्या नोंदीत ‘साधनें’ सानुस्वार राहते. १९६२ च्या लेखननियमांवर वाढलेला वाचक ‘साधने’ असे लिहितो. शोधयंत्रणेने हा भेद मिटविला नसेल, तर ग्रंथ कपाटात असूनही उत्तर रिक्त येते. बोरिवलीच्या वा मुलुंडच्या संशोधकाने घरबसल्या सूची पाहिली असेल, तर विद्यानगरीपर्यंतचा त्याचा प्रवासच टळतो! ‘वऱ्हाडी’ या शब्दाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्यातील अर्धा रकार ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णापासून साधता येतो, तसाच साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही, डोळ्यांना एकच दिसणारे हे शब्द यंत्राला दोन वाटतात. रोमन लिपीत तर ‘ज्ञानेश्वरी’चा आरंभ वाचक बहुधा ‘डी’ने करतो, ग्रंथसूचीचे लिप्यंतरण ‘जे’ने.

परिणामी एकच मागणी कोष्टकात तीनचार ओळींत विखुरते आणि कोणतीच ओळ वर येत नाही. अशा कोष्टकावरून ग्रंथखरेदी ठरू लागली, तर मराठी ग्रंथांना मागणी नाही असा निष्कर्ष निघेल, आणि तो आकड्यांच्या आधाराने निघेल हे विशेष.

यासाठी रिक्त शोध वेगळे काढणे अगत्याचे आहे. परंतु उत्तरांची संख्या साधनाला आपोआप कळत नाही. ग्रंथालयाने ती पुरविल्यास मातोमो निष्फळ शब्दांची स्वतंत्र यादी देते. गूगलच्या साधनात तशी तजवीज निराळी करावी लागते. त्याहून उपयुक्त म्हणजे एकाच भेटीतील लागोपाठचे शोध. पहिले लेखन निष्फळ ठरताच वाचकाने दुसरे टंकित केले असेल, तर त्या जोडीतून पर्यायी लेखनांचा कोश आपसूक तयार होतो. वाचकाची ओळख पटविणारा तपशील मात्र आधी पुसावा. मूळ लेखन जसेच्या तसे राखावे. जो वाचक पहिल्याच रिक्त उत्तरानंतर निघून गेला, त्याची एकटी ओळ या कोशात येत नाही; ती हाताने तपासावी लागते.