केवळ वाचायच्या मेमरीवर ‘पाहुण्या’ने लिहिले, तर?
नागपूर - मिहानमधील माहिती तंत्रज्ञान कंपन्या असोत वा बँका, एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. या ‘पाहुण्या’ संगणकाला दिसणारी उपकरणे खरी नसतात. क्यूएमूसारखे ‘यजमान’ सॉफ्टवेअर ती भासविते. त्यांपैकी काहींची मेमरी केवळ वाचण्यासाठी असते. तेथे पाहुण्याने लिहू पाहिले, तर?

खऱ्या रॉम चिपवर असे लेखन निमूट वाया जाते. आभासी उपकरणात मात्र ‘काही करू नये’ हेदेखील प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवावे लागते. नेमके तेच काही उपकरणांत राहून गेल्याचे २०२० मध्ये उघड झाले. नसलेल्या फंक्शनला हाक जाताच क्यूएमू कोसळे आणि जतन न झालेल्या कामासह तो आभासी संगणक बंद पडे. शेजारचे चालू राहत. सीव्हीई-२०२०-१५४६९ या क्रमांकाने हा दोष नोंदला गेला. उपाय साधाच होता: राहिलेली फंक्शन्स जोडणे, मग ती केवळ नोंद घेणारी का असेनात.

फ्लॅश चिपची गोष्ट निराळी. तेथे लेखन ही आज्ञा असते, ती टाकून देता येत नाही. म्हणून लिनक्समधील केव्हीएम २०१२ पासून अशा मेमरीचे वाचन थेट होऊ देते. लेखन होताच मात्र पाहुण्याला थांबवून ते क्यूएमूकडे सोपविते.