वाऱ्याच्या भरवशावरचा विस्तव

जुलै महिना, मुंबईत संततधार. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता. अशा दिवशी एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या गच्चीवर चिलर घरघरत असतो, खालच्या मजल्यावरच्या एअर हँडलिंग युनिटमध्ये गार पाण्याची कॉइल हवेला थंड करत असते, आणि त्याच हवेच्या वाटेवर, कॉइलपासून थोड्याच अंतरावर, विजेचा हीटर चालू असतो. आधी वीज खर्चून हवा गार करायची आणि लगेच वीज खर्चून ती तापवायची! बिल भरणाऱ्याला हा वेडेपणा वाटला तर त्याला दोष देता येणार नाही. पण शस्त्रक्रियागृहाची हवा सांभाळायची तर हा उलटा उद्योग बरेचदा करावाच लागतो.

कारण पाण्याच्या वाफेत आहे. त्या पावसाळी हवेत दर किलो कोरड्या हवेमागे जवळपास २३ ग्रॅम पाणी असते. हे पाणी काढायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हवा इतकी गार करणे की वाफेचे थेंब व्हावेत. १३ अंशांपर्यंत उतरवली की तिच्यात ९ ग्रॅमच्या आसपास पाणी उरते, बाकीचे कॉइलखालच्या ट्रेमधून नळीवाटे वाहून जाते. आता हवेतले पाणी घटले खरे, पण १३ अंशांची ही हवा त्या तापमानाला काठोकाठ संपृक्तच असते. तिला २२ अंशांवर आणले की सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते. शस्त्रक्रियागृहासाठी सर्वसाधारणपणे ६० टक्के ही वरची मर्यादा मानतात, म्हणजे गणित जेमतेम जमले.

हा विचार वातानुकूलनाच्या जन्माइतका जुना आहे. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगांची जुळणी बिघडायची, म्हणून. हवेतील पाण्यावर ताबा हा त्या शोधाचा गाभा होता. गारवा ही पुढे मिळालेली चैन.

शस्त्रक्रियागृहात आणखी एक अडचण येते. तिथे तासाला किमान २० वेळा हवा बदलावी, त्यातल्या ४ वेळा बाहेरची ताजी, असा प्रचलित निकष आहे. तो जंतू आणि कण वाहून नेण्यासाठी आहे. खोली गार राखायला इतकी हवा बरेचदा लागतच नाही. ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोली घेतली तर तासाला २,१६० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.६ घनमीटर हवा आत येते. ती सगळी १३ अंशांनी सोडली तर रुग्ण गारठेल. तिला ९ अंशांनी तापवायला साधारण साडेसहा किलोवॅट लागतात. दिवे, यंत्रे आणि माणसे त्यातला काही वाटा उचलतात. उरलेला हीटर देतो. औषधनिर्मितीतही हीच गोष्ट. जिलेटिनच्या कॅप्सूल ३५ ते ६५ टक्के आर्द्रतेत ठेवाव्या लागतात, नाहीतर त्या ठिसूळ होतात किंवा चिकटतात, आणि आपले औषध कारखाने तारापूर किंवा गोव्यातल्या वेर्णासारख्या दमट पट्ट्यांतही आहेत. कॉम्प्रेसरची वाया जाणारी उष्णता वापरून हवा पुन्हा तापवता येते, आणि नव्या इमारतीत आधी तोच विचार व्हायला हवा. तरीही विजेचा हीटर टिकून आहे, कारण तो लहान, स्वस्त आणि अचूक आहे. चुकीचा बसवला तर इमारत पेटवायची ताकदही त्यात आहे.

या हीटरचे काळीज म्हणजे नायक्रोमची तार. विजेचा प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते, हे जेम्स जूल यांनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले; पण लाल होऊनही न झिजणारी तार मिळायला पुढे साठेक वर्षे गेली. अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू शोधला, १९०६ मध्ये त्यांना त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. तापल्यावर या तारेवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, चिवट थर धरतो आणि आतल्या धातूला हवेपासून वाचवतो. सुमारे १,४०० अंशांपर्यंत ही तार वितळत नाही. डक्टमध्ये ती दोन रूपांत दिसते: चिनीमातीच्या आधारांवर ताणलेली उघडी गुंडाळी, किंवा धातूच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत घट्ट दाबलेली तार, बाहेरून पंखांसारख्या पत्र्यांसह. ही भुकटी मोठी गुणी आहे, उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते.

आता खरी मेख. घरातला इमर्शन रॉड बादलीबाहेर चालू केला तर काय होते ते सर्वांना माहीत आहे. डक्ट हीटरचे पाणी म्हणजे वारा. तारेत किती उष्णता निर्माण होईल हे वीज ठरवते, पण तार किती तापेल हे वारा ठरवतो. वारा थांबला तरी हीटरचे किलोवॅट येतच राहतात. त्यांना जायला वाट उरत नाही, तार लालभडक होते, पत्रा तापतो, आणि आसपासचे गाळण, डक्टच्या आतले अस्तर, वर्षभर साचलेली धूळ यांना पेटायला तारेच्या वितळबिंदूच्या आसपासही जावे लागत नाही. म्हणून या उपकरणाची सुरक्षा म्हणजे मुख्यतः वाऱ्याची राखण.

वारा नुसता असून भागत नाही. उत्तर युरोपात अनेक घरांत, बाहेरची गोठवणारी हवा थोडी कोमट करून घेण्यासाठी असे हीटर बसवतात. तिथले बरेच उत्पादक सेकंदाला किमान १.५ मीटर वेगाची अट घालतात. आपल्या उदाहरणातल्या ६०० बाय ४०० मिलिमीटरच्या डक्टमध्ये वेग २.५ मीटर भरतो, म्हणजे ठीक. पण रात्री शस्त्रक्रिया नसताना वीज वाचवायला पंखा व्हीएफडीवर (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) निम्म्या वेगाने चालवला की डक्टमधला वेग १.२५ वर येतो. दिवसा निर्धोक असलेला हीटर रात्री मर्यादेबाहेर जातो, आणि ड्रॉइंगवर हे कुठेच दिसत नाही. वेग घटला की हीटरचे टप्पेही घटले पाहिजेत, ही जोडणी नियंत्रणातच करावी लागते.

शिवाय हवा हीटरच्या तोंडभर सारखी पसरलेली हवी. एल्बोतून वळलेला वारा बाहेरच्या बाजूला दाटतो, आतल्या बाजूला तारा उपाशी राहतात आणि तिथेच लाल पट्टे पडतात. पंख्याच्या तोंडापासून, वळणापासून किंवा अडथळ्यापासून १.२ मीटरच्या आत हीटर असेल तर हवा सारखी करणाऱ्या पट्ट्या लागू शकतात, असे अमेरिकेची विद्युत संहिता सुचवते. कूलिंग कॉइलच्या फार जवळही नको. कॉइलवरचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या पुढे गेला की पाण्याचे तुषार हवेबरोबर उडतात आणि थेट विजेच्या भागांवर येतात. आपल्याकडे प्लांटरूममध्ये जागा नेहमीच अपुरी असते, आणि हीटर बहुधा शेवटी आठवतो. मग तो जिथे मावतो तिथे बसतो.

वारा आहे की नाही हे हीटरला सांगायचे कोणी? सर्वांत सोपी रीत म्हणजे पंख्याच्या मोटरला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर ओढला गेला तरच हीटर चालू व्हावा अशी इंटरलॉक. ती हवीच, पण एकटीवर विसंबणे भोळेपणाचे आहे. ब्लोअरचा पट्टा तुटला की मोटर आणखीच मजेत फिरते, कॉन्टॅक्टर ‘चालू’ सांगत राहतो, आणि वारा शून्य असतो. म्हणून दाबाच्या फरकावर चालणारा स्विच लावतात. तोही फसू शकतो. पुढे कुठे फायर डॅम्पर (आग रोखणारी झडप) मिटला तर पंखा बंद डक्टमध्ये हवा कोंबत राहतो. पंख्याच्या दोन बाजूंचा दाब भरपूर, प्रवाह मात्र नाही. दाब आहे म्हणजे वारा आहे, हे समीकरण इथे मोडते. दाबाचा फरक कॉइल किंवा गाळणीच्या दोन बाजूंना मोजला तर तो खऱ्या प्रवाहाच्या जवळ जातो, कारण तिथे हवा वाहिल्याशिवाय फरक पडतच नाही. वाऱ्याने ढकलले जाणारे पाते असलेला एअरफ्लो स्विचही चालतो, मात्र त्याचे पाते धुळीने आणि गंजाने एकाच जागी अडकून बसू शकते.

हे सगळे चुकले तर शेवटचा पहारा तापमानाचा. हीटरमध्ये दोन वेगळे कटआउट असावेत असा नियम जगभर रुळला आहे. पहिला आपोआप पूर्ववत होणारा: हवा जास्त तापली की वीज तोडतो, निवली की पुन्हा जोडतो. दुसरा त्याहून वरच्या तापमानाला तुटतो आणि माणसाने बटण दाबल्याशिवाय जुळत नाही. हा दुसरा मुद्दाम असा त्रासदायक ठेवला आहे. बटण दाबायला कोणीतरी तिथवर यावे, झाकण उघडावे आणि तो का तुटला ते शोधावे, यासाठी. प्रत्यक्षात रात्री अकराला आर्द्रतेचा अलार्म वाजतो, वरून फोन येतो, आणि कोणीतरी कटआउटला जंपर मारून तो ‘डायरेक्ट’ करतो. सकाळी काढू म्हणून टाकलेला तो वायरचा तुकडा पुढची कित्येक वर्षे तिथेच राहतो.

कटआउटने आज्ञा दिली तरी ती पाळणारा कॉन्टॅक्टर शाबूत हवा. वारंवार चालू-बंद होऊन त्याचे संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटू शकतात. तापमान बारकाईने राखणारे थायरिस्टर तर बिघडताना बहुधा ‘चालू’ अवस्थेतच बिघडतात. म्हणून चांगल्या पॅनेलमध्ये रोजची ये-जा एका उपकरणावर आणि सुरक्षेची साखळी दुसऱ्या, एरवी शांत बसणाऱ्या कॉन्टॅक्टरवर असते. त्याने तिन्ही फेज तोडावेत.

जोडणीतली एक चूक फार महाग पडते. २३० व्होल्टच्या तीन तारा स्टारमध्ये जोडायच्या, त्या डेल्टात जोडल्या तर प्रत्येकीला ४०० व्होल्ट मिळतात आणि उष्णता तिप्पट होते. मोठ्या हीटरचे ४८ अँपिअरपेक्षा मोठे नसलेले भाग करून प्रत्येकाला स्वतंत्र संरक्षण द्यावे, असे अमेरिकन संहिता सांगते. एका भागातला दोष सगळ्या संचाला पेटवू नये हा त्यामागचा हिशेब.

आपल्या हवामानाचा खास त्रास त्या गुणी भुकटीला होतो. मॅग्नेशियम ऑक्साइड ओल शोषते. बरेच महिने बंद पडलेला नळीचा हीटर पावसाळ्यात पहिल्यांदा चालू केला की गळतीचा प्रवाह वाढून ईएलसीबी (गळती पकडणारा ब्रेकर) पडतो. जाणकार वायरमन आधी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासतो, कमी आले तर कमी दाबाची वीज देऊन किंवा कोरडी उष्णता देऊन हीटर वाळवतो. घाईतला वायरमन ईएलसीबी काढून टाकतो.

बंद करतानाही शिस्त आहे. हीटर आधी, पंखा नंतर. मध्ये काही मिनिटे पंख्याने उरलेली उष्णता वाहून न्यायची. अचानक वीज गेली तर ही सोय मिळत नाही, म्हणून हीटरच्या आसपासचे डक्ट आणि आवरण न जळणाऱ्या पदार्थाचेच असावे लागते. वीज परत आल्यावर पंख्याचा वारा सिद्ध झाल्याखेरीज हीटरने जागे होता कामा नये.

अलीकडे बेरियम टायटनेटच्या सिरॅमिकचे हीटर मिळतात. ठरावीक तापमानाच्या पुढे या पदार्थाचा विद्युतरोध एकदम वाढतो, म्हणजे वारा थांबला की तो स्वतःच वीज घेणे कमी करतो. वर सांगितलेले पहारे त्यालाही लावतातच, आणि मोठ्या क्षमतेच्या कामात अजून नायक्रोमचेच राज्य आहे.

काम ताब्यात घेताना एक चाचणी आग्रहाने मागावी. हीटर पूर्ण भारावर चालू ठेवायचा आणि पंखा बंद करायचा. इंटरलॉकने क्षणात वीज तोडली पाहिजे. मग उत्पादकाच्या माणसासमोर डॅम्पर हळूहळू मिटत वारा कमी करायचा आणि पहिला कटआउट किती अंशांवर तुटतो ते नोंदवायचे. हाताने जुळवायचा दुसरा कटआउटही एकदा खरोखर तोडून, त्याचे बटण दाबून पाहायचे. तिन्ही नोंदी तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायच्या, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी हाच प्रयोग पुन्हा करायचा.