बाळंतपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

एका साध्या आकड्यापासून सुरुवात करू. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती होती. पण कधी? अलीकडच्या दशकांत नियम असा, की कारखान्यात ३० पेक्षा जास्त स्त्रिया असतील तेव्हा. आता तुम्ही मालक असता तर काय केलं असतं? तिसाव्या बाईवर थांबला असता. (हशा)

२०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीनं मोजणी बदलली. ५० कर्मचारी असतील, बाई-पुरुष मिळून, तर पाळणाघर हवंच. आईला दिवसातून चारदा तिथं जाता आलं पाहिजे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. नुसत्या बायका मोजल्या की मूल म्हणजे बाईनं कामावर आणलेलं लचांड ठरतं. सगळे मोजले की ते त्या कामाच्या जागेचं होतं. मुलाला बापही असतो, हे कायद्याला उशिरा का होईना, सुचलं!

पण त्याच दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे केली, आणि पगार टाकला एकट्या मालकावर. म्हणजे गणित पुन्हा जुनंच. मुलाखतीत 'लग्न झालंय का' हा प्रश्न येतो तो इथून.

वास्तविक दुसरी वाट आपल्या घरातच आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के, मग तो पुरुष असो वा स्त्री. प्रसूतीचे पैसे महामंडळ देतं. एखादीला दिवस गेले म्हणून मालकाला वेगळी चाट बसत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या करारातलं तत्त्वही हेच. आणि बाबासाहेबांनी तर १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात म्हटलं होतं, की हा भार मुख्यतः सरकारनं उचलावा. मात्र बाईच्या श्रमाचा नफा मालक घेतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत.

आता या सगळ्यात 'मालक' हा शब्द आपण गृहीत धरला. ऊसतोडीत पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल देतो मुकादम, ऊस जातो कारखान्याला. खाडा झाला की दंड. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, ती तुम्हाला आठवत असेल. प्रसूती लाभासाठी आधीच्या वर्षात ८० दिवस काम झालेलं लागतं. फडात तिचे ८० दिवस केव्हाच भरतात. ते मांडायचे कुणाच्या मस्टरवर?