तारेचा नंबर, इंटरनेटचा पत्ता

मुंबईतल्या एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी एमडीएफवर काम करत असे. एमडीएफ म्हणजे लांबलचक लोखंडी चौकट. रस्त्याखालून आलेली प्रत्येक घराची तांब्याची जोडी तिथे एक्स्चेंजच्या यंत्राला जोडतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि पुढे लोक आम्हाला विचारू लागले, ‘फोन नंबर बदलला तर इंटरनेटचा पत्ताही बदलेल का?’ प्रश्न रास्त होता.

फोन नंबरावरून एक्स्चेंज तुमची जोडी ओळखतं, एवढंच नंबराचं काम. फोनची सगळी व्यवस्था माणसाच्या आवाजासाठी केलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलं तेवढं पुढे जायचं. म्हणून मोडेम कॉम्प्युटरच्या शून्य-एकाचे सूर करायचा आणि पलीकडचा व्हीएसएनएलचा मोडेम त्या सुरांचे पुन्हा आकडे करायचा. कनेक्शन लागताना ऐकू येणारी किरकिर म्हणजे दोघांची बोलणी: लाइन किती स्वच्छ, वेग किती झेपेल. ५६ के मोडेमचा तो वेगही फक्त घराकडे येणाऱ्या माहितीचा. बाहेर जाणारी सहसा ३३.६ केच्या वर जात नसे. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं, की खरखरीतून माणसं कसंबसं बोलून घेत, मोडेम मात्र लाइन सोडून देई. घरात कुणी दुसरा फोन उचलला तरी तेच. हा सगळा वेळ एक्स्चेंजच्या लेखी एक साधा कॉल चालू असे. इंटरनेट आम्हाला तिथे दिसतच नसे.

पत्त्याची गोष्ट त्यानंतरची. व्हीएसएनएलच्या मोडेमने कॉल उचलला, नाव-पासवर्ड जुळलं, की तिथला सर्व्हर आपल्याकडचा एक मोकळा आयपी अ‍ॅड्रेस तुमच्या कॉम्प्युटरला देई. एसटीतल्या सीटसारखा: तुम्ही उतरलात की दुसऱ्याचा. रात्री पुन्हा फोन लावला, तर नंबर तोच, पत्ता बहुधा वेगळा.

स्वस्तातलं ‘शेल’ खातं घेणाऱ्यांना तर पत्ता मिळतच नसे. त्यांच्या पडद्यावर फक्त अक्षरं उमटत. इंटरनेटवर वावरायचं ते व्हीएसएनएलचं मशीन, स्वतःच्या पत्त्यावर. तार तीच, मोडेम तोच, तरीही घरातला कॉम्प्युटर इंटरनेटवर नाही! नंबर आणि पत्ता वेगळे, हे मला यातूनच पक्कं कळलं.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. ते पुरत नाहीत, म्हणून आज मोबाइलवर अनेक ग्राहक एकाच वेळी एकच पत्ता वापरतात. तेव्हा आयपी अ‍ॅड्रेसवरून अमक्याचं घर सापडलं असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर एवढं जरूर विचारा: हा पत्ता कोणत्या तारखेचा, किती वाजताचा, आणि त्या वेळी तो कुणाकुणाकडे होता याची नोंद कंपनीकडून घेतली आहे का?