साच्यात बसलेलं काळं कापड

कार्बन फायबर म्हटलं की डोळ्यांसमोर काळी, चकचकीत, टणक वस्तू येते. कार्यशाळेत मात्र ते ताग्याच्या रूपात येतं. हाताला मऊ, कात्रीनं कापलं जाणारं, कडेचे धागे सुटणारं आणि जरा ओढ बसली की वीण तिरकी होणारं कापड. या कापडातून पोर्शचा मागचा विंग, निसान जीटी-आरचं बॉनेट, फेरारीच्या आरशाचं कव्हर किंवा बंपरखालचा स्प्लिटर तयार होईपर्यंतचं बहुतेक काम आजही माणसाच्या हातानंच होतं. कंपनी गाडी विकून मोकळी होते. त्या गाडीवर नंतर चढवायचे भाग घडवणारा व्यवसाय मात्र वेगळाच आहे आणि तो जगभर पसरला आहे. जर्मनीतलं मानसोरी हे त्यातलं गाजलेलं नाव. जपानमध्ये दर जानेवारीत माकुहारीला भरणारं टोक्यो ऑटो सलॉन आणि अमेरिकेत लास व्हेगासचा सेमा शो ही या भागांची मोठी प्रदर्शनं. बड्या नावांच्या आडोशाला असंख्य लहान कार्यशाळा आहेत. चार-सहा माणसं, दोन व्हॅक्यूम पंप, एक भट्टी आणि भिंतीला टेकवून ठेवलेले साचे, एवढाच त्यांचा पसारा.

इथे हातकाम टिकलं ते हिशेबामुळे. स्टीलचं बॉनेट प्रेसमध्ये काही सेकंदांत निघतं, पण त्याच्या डायचा खर्च हजारो-लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो. एखाद्या स्पोर्ट्‌स कारच्या खास बॉनेटला शे-दोनशे गिऱ्हाइकं मिळाली तरी पुष्कळ. तेवढ्यासाठी डाय कोण करणार? मग एक साचा, कापड, इपॉक्सी रेझिन आणि जाणते हात, हाच रस्ता उरतो.

हा धागा आला कुठून, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ओहायोमधल्या युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत १९५८ साली रॉजर बेकन यांना कार्बनचे विलक्षण मजबूत तंतू मिळाले. पाठोपाठ ओसाकात अकिओ शिंदो यांनी पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून, म्हणजे स्वेटरच्या अ‍ॅक्रिलिक लोकरीच्या जातीतल्या धाग्यापासून, कार्बनचा तंतू काढला. ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या संशोधकांनी त्याची ताकद आणखी वाढवली आणि १९७१ पासून जपानची तोरे कंपनी तो व्यापारी प्रमाणात विकू लागली. कृती ऐकायला सोपी आहे. मूळ धागा आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर तापवून स्थिर करायचा, मग ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर न्यायचा. कार्बन सोडून जवळजवळ सगळं उडून जातं आणि वजन साधारण निम्मं उरतं. असा एक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो. असे तीन हजार तंतू एकत्र आले की गाडीच्या भागांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी ‘३के’ची लड तयार होते.

गाड्यांच्या जगात या धाग्याला मान मिळाला तो १९८१ साली. जॉन बार्नार्ड यांनी मॅक्लारेनसाठी एमपी४/१ ही फॉर्म्युला वन गाडी आखली. तिचा कार्बन फायबरचा सांगाडा अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या हर्क्युलीस कंपनीनं बनवून दिला. असल्या ‘काळ्या प्लास्टिक’मध्ये बसून माणूस वाचेल का, ही शंका अनेकांना होती. त्याच वर्षी मोंझाच्या शर्यतीत जॉन वॉटसनची गाडी आदळली, इंजिन मागून तुटून वेगळं झालं आणि वॉटसन धडधाकट बाहेर आला. शंका तिथेच मिटली.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती होरासिओ पगानी यांची गोष्ट. हा अर्जेंटिनाचा तरुण लॅम्बोर्गिनीत कामाला लागला आणि १९८७ साली काउंटाक एव्होल्युसिओने या प्रायोगिक गाडीत त्यानं कार्बन फायबर भरपूर वापरलं. त्यानं कंपनीकडे ऑटोक्लेव्ह, म्हणजे भाग दाबाखाली भाजण्याची भट्टी मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा त्यानं कर्ज काढून स्वतःच ऑटोक्लेव्ह घेतला, १९९१ साली ‘मोदेना डिझाइन’ ही कंपनी काढली आणि १९९९ च्या जिनिव्हा प्रदर्शनात स्वतःची झोंडा उभी केली. पगानीच्या गाड्यांवरची वीण आजही या धंद्यातल्या प्रत्येक कारागिराचा मापदंड आहे. बॉनेटच्या मधोमध दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेषा एकमेकींना अशा भेटतात की बाणाच्या टोकांची एक सरळ रांग दिसते. एका पॅनेलची रेष शेजारच्या पॅनेलवर न तुटता पुढे जाते. हे यंत्राला सांगून होत नाही. कापड अंथरणाऱ्यानं प्रत्येक तुकडा मध्यरेषेवर धरून लावला तरच ते होतं.

काम सुरू होतं साच्यापासून आणि निम्मं यशही तिथेच ठरतं. आधी भागाची प्रतिकृती लागते. ती मूळ बॉनेटवर बदल करून किंवा फोममधून कोरून तयार होते. तिला घासून आरशासारखं करायचं, मेणाचे थर चढवायचे, त्यावर टूलिंग जेलकोट आणि मग काचेच्या किंवा कार्बनच्या कापडाचे जाड थर. साचा सुटला की प्रतिकृतीवरचा प्रत्येक ओरखडा त्यात उमटलेला असतो, आणि त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक भागावर तो उमटत राहतो. भाग साच्यातून सुटावा म्हणून भिंतींना उतार, म्हणजे ‘ड्राफ्ट’ द्यावा लागतो. भाग आत वळत असेल तर साचा दोन-तीन तुकड्यांत करून बोल्टांनी आवळायचा. कोल्हापूरच्या फाउंड्रीत पॅटर्न घडवणाऱ्या माणसाला यातलं काही नव्यानं शिकवावं लागणार नाही.

मग कापड. गाड्यांच्या भागांवर दिसते ती बहुधा टू-बाय-टू ट्विल वीण. धागा दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जातो, त्यामुळे तिरक्या रेषा उमटतात. वळणावर ती सहज बसते, पण तितक्याच सहज बिघडते. कापण्याआधी कापणीच्या रेषेवर टेप लावतात, म्हणजे कडा सुटत नाही. डाव्या आरशाचा तुकडा उजव्याला चालत नाही, कारण रेषा उलट्या दिशेला झुकायला हव्यात. दिसणारा थर पहिला बसतो, साच्याच्या पृष्ठभागाला चिकटून. मागचे थर ताकदीसाठी. एखाद्या थराचे धागे सरळ-आडवे, तर पुढच्याचे पंचेचाळीस अंशांत. कार्बनचा तंतू लांबीच्या दिशेनं प्रचंड ताण सोसतो, आडव्या दिशेनं फारसा नाही. म्हणून भागाला बळ कुठून कुठे जाणार आहे हे ओळखून थर रचावे लागतात. सगळे थर एकाच दिशेनं टाकले की भाग दिसायला तोच, पण पिळवटला तर लवकर फुटणारा.

खरी कसोटी कोपऱ्यात लागते. साच्याच्या आतल्या कोपऱ्यावर कापड बसवताना ते भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलं जातं आणि कोपऱ्यात पोकळी राहते. वरून पाहिलं तर सगळं नीट. व्हॅक्यूम लावल्यावर त्या पोकळीत नुसतं रेझिन साचतं किंवा हवा राहते. पुढे वर्षभराच्या उन्हात आणि हादऱ्यांत नेमकी तीच कड तडकते. म्हणून कारागीर बोथट प्लास्टिकच्या पट्टीनं कोपरा दाबत, लागेल तिथे बाजूनं थोडं कापड आत सरकवत, थर अक्षरशः भरवत जातो. एक कोपरा, मग दुसरा. घाई करणाऱ्याच्या हातून हे काम होत नाही.

रेझिन भरण्याच्या तीन रीती आहेत. सर्वांत साधी ‘वेट ले-अप’: ब्रशनं रेझिन लावायचं आणि रोलरनं हवा काढायची. स्वस्त पडते, पण रेझिन जास्त राहतं, भाग जड होतो. दुसरी ‘इन्फ्यूजन’, लहान कार्यशाळांची आवडती. कोरडे थर साच्यात रचून त्यांवर पील प्लाय, म्हणजे नंतर सोलून काढायचं कापड, जाळी आणि प्लास्टिकची पिशवी चढवतात, कडा चिकटपट्टीनं बंद करतात आणि पंपानं आतली हवा ओढतात. हवा गेली की बाहेरचं वातावरणच दाब देतं. दर चौरस मीटरला जवळजवळ दहा टन. मग पंप बंद करून गेजकडे बघत थांबायचं. काटा हलला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत रेझिनला हात लावायचा नाही. काटा स्थिर राहिला की नळीचा चिमटा सोडतात. रेझिन आत शिरतं आणि कोरड्या, राखाडी कापडावरून गडद काळी ओल सरकत पुढे जाते. ती कुठे वेगानं धावते, कुठे मागे रेंगाळते, एखादा कोरडा डाग वेढला जातोय का, हे पाहणं म्हणजेच या कामाची कला. रेझिन घट्ट व्हायला लागल्यावर करण्यासारखं काही उरत नाही.

तिसरी रीत ‘प्रीप्रेग’ची. यात कापड कारखान्यातूनच मोजून रेझिन भरून येतं आणि ते रेझिन अवेळी घट्ट होऊ नये म्हणून उणे अठरा अंशांच्या फ्रीजरमध्ये राहतं. ते साच्यात बसवून ऑटोक्लेव्हमध्ये दाब आणि उष्णता देतात. भाग सर्वांत हलका आणि मजबूत होतो, आणि खर्चही त्याच मानानं चढतो. बाजारात ‘ड्राय कार्बन’ म्हणून विकतात तो हाच.

साच्यातून सुटलेला भाग पूर्ण नसतो. कडा कापायच्या, बारीक छिद्रं भरायची, पाण्यानं घासत जाडसर पेपरवरून बारीक पेपरवर यायचं आणि शेवटी अतिनील किरण रोखणारा लॅकर चढवायचा. लॅकर चांगला नसेल तर इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं. घासताना उडणारी धूळ अंगाला खाजते, फुप्फुसांना घातक आहे आणि वीजवाहक असल्यानं शेजारच्या यंत्रांत शॉर्ट सर्किट करू शकते. कच्च्या रेझिन-हार्डनरची कातडीला कायमची अॅलर्जी जडून हे काम सोडावं लागू शकतं. मास्क, हातमोजे आणि धूळ ओढणारा पंखा ही या धंद्यातली हत्यारंच आहेत. ती नसलेल्या कार्यशाळेतला माल कितीही सुंदर असो, तो मला नको.

एवढ्या खटाटोपाचं फळ काय? तयार भागाची घनता १.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास, अॅल्युमिनियमची २.७, स्टीलची ७.८. वजन कुठून कमी झालं यालाही महत्त्व आहे. बीएमडब्ल्यूनं २००३ च्या एम३ सीएसएलला कार्बनचं छप्पर दिलं ते म्हणूनच: गाडीच्या माथ्यावरचं वजन घटलं की गुरुत्वमध्य खाली येतो. निसाननं आर३४ स्कायलाइन जीटी-आरच्या व्ही-स्पेक २ ला कार्बनचं बॉनेट दिलं, तिथे पुढच्या चाकांवरचा भार हलका झाला. उलट, आरशाच्या प्लास्टिक कव्हरवर कार्बनचा एक थर चिकटवला की वजन वाढतंच. निव्वळ शोभेसाठी तसं करायला काहीच हरकत नाही, फक्त ती शोभा आहे हे विकणाऱ्यानं सांगावं.

बनवाबनवी याच जागी होते. कार्बनच्या विणीचा स्टिकर, पाण्यातून चढवलेली छापील फिल्म किंवा फायबरग्लासच्या जाड भागावर कार्बनचा एकच थर, असा माल ‘कार्बन फायबर’ या नावानं सर्रास खपतो. पैठणी पारखणारी बाई पदर उलटा करून बघते, तसाच हा भाग उलटा करून बघायचा. मागे वीण सलग आहे का? कोपऱ्यात रेझिनचे पिवळसर गोळे साचलेत का? पांढरी काचेची चटई दिसते का? पुढची बाजू लॅकर झाकतो, मागच्या बाजूला कुणी लॅकर लावत बसत नाही. माझ्या मते भागाची किंमत मागच्या बाजूवरून ठरायला हवी.

काही भागांबाबत हौस बाजूला ठेवावी लागते. कार्बनच्या स्टिअरिंगसाठी एअरबॅग काढणं, अपघाताचा धक्का झेलणारा बंपरमागचा बीम बदलणं, मोठा विंग डिकीच्या पातळ पत्र्यावर ठोकणं हे जिवावरचे खेळ आहेत. हलक्या बॉनेटला मूळ कुलपाखेरीज पिना बसवाव्यात, कारण वेगात ते उघडलं तर समोरच्या काचेवर येतं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. काही बसवण्याआधी आरटीओत विचारून घेणं शहाणपणाचं.

कंपोझिटचं काम आपल्याला परकं नाही. गोव्यातल्या पिळर्णची काइनेको कंपनी रेल्वे आणि विमान उद्योगासाठी असे भाग बनवते, तेजस विमानाच्या अंगातही कार्बन कंपोझिट मोठ्या प्रमाणात आहे. आयटीआयमधून साचेकाम शिकून निघालेल्या मुलानं याकडे वळायचं ठरवलं, तर सुरुवात एखाद्या छोट्या सपाट पॅनेलपासून करावी, मग कोपऱ्याकडे जावं.

आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे भागाच्या मागच्या बाजूचा, चांगल्या उजेडातला फोटो मागा. तो देत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका.