नोंदवहीत नसलेल्या मुली

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. महाविद्यालये, वसतिगृहे बंद झाली आणि शिकायला बाहेर राहणाऱ्या मुली आपापल्या गावी परतल्या. पुण्यात अनोळखी औषध दुकानातून गर्भनिरोधक घेता येते. इंदापूर तालुक्यातील वरकुटेसारख्या गावात मात्र दुकानदार ओळखीचा असतो, आशाताई शेजारच्या असतात. त्यात घराबाहेर पडायलाही कारण सांगावे लागत होते.

टाळेबंदीमुळे देशातील अडीच कोटींहून अधिक जोडप्यांना गर्भनिरोधके मिळणार नाहीत, असा अंदाज ‘फाउंडेशन फॉर रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ सर्व्हिसेस इंडिया’ या संस्थेने मे २०२० मध्ये मांडला होता. हा हिशेब जोडप्यांचा होता. गावपातळीवरची नोंदही ‘पात्र जोडप्यां’ची, म्हणजे विवाहितांचीच असते. आशाताई निरोध, ‘माला-एन’ आणि ‘छाया’ गोळ्या घरपोच देतात, त्या याच यादीनुसार. अविवाहितेला गर्भनिरोधक देऊ नये, असा कायदा नाही. पण यादीत नाव नसल्याने तिच्या दारी कोणी जात नाही.

इथे उशीर महागात पडतो. तातडीची गोळी (लेव्होनोर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम) संबंधानंतर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यायची असते. ती बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. स्त्रीबीज आधीच बाहेर पडले असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. राहिलेला गर्भही तिने पडत नाही. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते; पण दुकानात जायचे कसे, या विचारातच दिवस निघून जातात.

कायदा मात्र पुढे सरकला आहे. गर्भपात कायद्यातील दुरुस्ती २४ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आली. गर्भनिरोधक फसल्यास २० आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा पूर्वी ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ या शब्दांत होती. आता तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आहेत. १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरते, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

१९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये मोफत सल्ला मिळतो. पुढची साथ येईल तेव्हा गावी परतलेल्या विद्यार्थिनींनाही या सेवांच्या हिशेबात धरावे लागेल. त्यासाठी त्यांचे नाव कोणत्याही यादीत असण्याची अट नको.